तामागोयाकीला पाणी का सुटतं, साखर कशासाठी?

नमस्कार. तामागोयाकीच्या, म्हणजे थराथराने गुंडाळलेल्या जपानी ऑम्लेटच्या लेखावर तुम्ही लिहिलंत की प्रमाण पाळूनही कापल्यावर पाणी सुटलं, अंड्यात साखर खपत नाही, आणि चौकोनी तवा लागणारा हा प्रकार हॉटेलचाच, रोजचा नव्हे.

आधी पाण्याचं बघू. तीन अंड्यांना, म्हणजे फोडून साधारण 150 ग्रॅमला, 45 मिली दाशी, म्हणजे सुका मासा किंवा समुद्री शेवाळाचं जपानी सार, बेताची आहे. क्योतो-ओसाकाकडच्या दाशीमाकीत, म्हणजे जास्त दाशीच्या तामागोयाकीत, ती 90 मिलीपर्यंतही जाते, पण त्याला सरावाचा हात लागतो. अंडं घट्ट होताना त्याची प्रथिनं दाशी धरून ठेवतात. फार वेळ तापली की आकसतात आणि दाशी बाहेर पडते. तुम्ही मंद आचेवर झाकण ठेवून प्रत्येक थर पूर्ण शिजवलात, तिथेच बिघडलं. आच मध्यम ठेवा, झाकण नको. मिश्रणाचा थेंब टाकल्यावर चर्र आवाज यायला हवा. थेंब लगेच तपकिरी झाला, तर तवा क्षणभर ओल्या फडक्यावर टेकवा. पातळ थर ओता, फुगे फोडा आणि वरचा भाग ओलसर असतानाच गुंडाळा. त्या ओलाव्यानेच पुढचा थर चिकटतो. तो सुकला की कापताना थर सुटे होतात. तेलात भिजवलेल्या कागदाच्या बोळ्याने दर वेळी तवा पुसून घ्या आणि नवीन थर ओतताना गुंडाळी उचलून मिश्रण तिच्याखाली जाऊ द्या. असे तीन-चार थर पुरतात.

अंडी घुसळूही नका. चॉपस्टिक भांड्याच्या तळाला टेकवून मागेपुढे फिरवत पांढरा बलक मोडायचा. फेस झाला की भोकं पडणारच.

साखरेचं म्हणाल, तर टोक्योकडे तीन अंड्यांना एक टेबलस्पून साखर आणि चमचाभर सोया सॉस सहज घालतात. कान्साईत, म्हणजे क्योतो-ओसाकाकडे, बहुधा साखर नसते किंवा नावापुरती असते. तुम्ही तशी करा, बिनसाखरेची काही कमअस्सल नाही. मात्र साखर अंड्याचं घट्ट होणं लांबवते, त्यामुळे गुंडाळी गार झाल्यावरही मऊ राहते. बेंतो म्हणजे जपानी डबा दुपारी गारच खाल्ला जातो, तिथे हे फार कामाचं. 1960च्या दशकात मुलांच्या आवडीबद्दल 'क्योजिन, ताइहो, तामागोयाकी' असं म्हणत: बेसबॉलचा संघ, सुमो कुस्तीचा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा पैलवान, आणि घरचं हे अंडं. याला हॉटेलचा पदार्थ कसं म्हणायचं?

डब्यासाठी मात्र दाशी एका टेबलस्पूनवर आणा, अंडं आतपर्यंत शिजवा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा.

चौकोनी तव्यावाचून अडत नाही. 18-20 सेंटिमीटरचा गोल नॉनस्टिक घ्या, थराच्या दोन्ही बाजू आत दुमडून मग गुंडाळा. गरम असतानाच बांबूच्या चटईत किंवा स्वच्छ फडक्यात घट्ट धरून पाच मिनिटं ठेवलीत, की कडा सरळ होतात.