पगारचिठ्ठी आणि वाण्याची वही

मामांचा मेसेज आला तेव्हा मी कॅन्टीनच्या रांगेत होतो. ‘तुमचा स्लोवाकिया पहिला, आपला भारत चौथा. आता बोल!’ खाली जुलै २०२५ मधली ती बातमी. जागतिक बँकेच्या आकड्यांप्रमाणे भारताचा जिनी निर्देशांक २५.५, म्हणजे समानतेत आपण जगात चौथे. आपल्या वर फक्त स्लोवाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. चीन ३५.७, अमेरिका ४१.८. (जिनी शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, शंभर म्हणजे सगळं एकाच घरात.) घरच्या ग्रुपवर दोन दिवस हेच चाललं होतं. मामा तिरंगे टाकत होते, आणि मावसभाऊ दर तिरंग्याखाली धारावीचा फोटो.

मी स्लोवाकियातल्या नित्रा नावाच्या गावात राहतो. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना याच गावाला लागून आहे, आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी चिंचवडहून आलो. म्हणजे मामांच्या हिशेबात मी चौथ्या नंबरच्या देशातून पहिल्या नंबरच्या देशात आलेला माणूस. तेव्हा दोन शब्द बोलायला हरकत नाही.

रांगेत मला सूप वाढणाऱ्या बाईंचा पगार किमान वेतनाच्या आसपास. ते इथे २०२५ साली महिना ८१६ युरो होतं. माझा पगार त्याच्या साधारण चौपट, आणि कर-कपाती झाल्यावर ते अंतर थोडं आणखी घटतं. ऑगस्टमध्ये त्या नवऱ्याबरोबर जुन्या स्कोडातून क्रोएशियाच्या समुद्रावर जातात. वाटेत खायला घरून तळून नेलेले मांसाचे काप, फॉइलमध्ये गुंडाळलेले. आपण गावाला जाताना धपाटे बांधून घेतो तसे. आमचे मॅनेजरही तिथेच जातात, फक्त त्यांचं हॉटेल बरं असतं. चिंचवडच्या कॅन्टीनमध्ये कंत्राटावर ताटं उचलणारा पोरगा आणि आमचे तिथले मॅनेजर यांच्यात किती पटींचं अंतर होतं, हे विचारावं असं कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. कम्युनिस्ट राजवटीत बांधलेले काँक्रीटच्या तयार भिंतींचे ब्लॉक १९९० नंतर राहणाऱ्यांनाच स्वस्तात विकले गेले, त्यामुळे आज दहातली नऊ घरं स्वतःच्या मालकीची आहेत. माझ्या पगारावर कंपनी वरून ३५ टक्क्यांहून जास्त रक्कम पेन्शन-आरोग्याच्या विम्यात भरते. म्हणून इथे सुबत्ता आहे असं मात्र नाही. बायका वृद्धांची देखभाल करायला ऑस्ट्रियाला जातात, आणि शिकलेली पोरं चेकियाला.

आता त्या नंबराकडे. स्लोवाकियाचा आकडा निघतो उत्पन्नावरून, म्हणजे कर-कपाती जाऊन आणि सरकारी मदत धरून घरात किती आलं त्यावरून. भारताचा निघतो खर्चावरून. यांची पगारचिठ्ठी आणि आपली वाण्याची वही शेजारी ठेवून नंबर लावलेत.

फरक काय पडतो ते आईकडे कामाला येणाऱ्या मावशींवरून सांगतो. घरोघरची कामं करून त्या महिन्याला १२ हजार मिळवतात आणि खर्च होतो १४ हजार. वरचे २ हजार बचत गटाचे किंवा उसने. हिंजवडीतला माझा मित्र आणि त्याची बायको मिळून ३ लाख घरी आणतात, खर्चतात ९० हजार. बाकीचं एसआयपीत आणि दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यात. मिळकतीत अंतर २५ पट, खर्चात सहा-साडेसहा पट. सर्वेक्षण हे दुसरं अंतर मोजतं. मावशींनी कर्ज काढलं की त्या हिशेबात त्या मित्राच्या आणखी जवळ सरकतात!

ती बातमी जागतिक बँकेच्या ज्या टिपणावरून आली, त्यातच पुढे लिहिलंय की ही विषमता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असू शकते, आणि ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस’ या विषमतेच्या अभ्यासकांनी जमवलेल्या आकडेवारीनुसार भारतातल्या उत्पन्नाचा जिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला. ते वाक्य कुणी फॉरवर्ड केलं नाही. याच अभ्यासकांच्या हिशेबाने २०२२-२३ साली खालच्या निम्म्या लोकांच्या वाट्याला देशाच्या उत्पन्नाचे १५ टक्के आले आणि वरच्या एका टक्क्याच्या वाट्याला २२.६. हा हिशेब आयकराची आकडेवारी आणि बरीच गृहीतकं जोडून काढलेला आहे, हा मामांचा आक्षेप मला मान्य आहे. गरिबी घटली हेही खरं. त्याच टिपणात अतिगरिबांचं प्रमाण २०११-१२ मधल्या १६.२ टक्क्यांवरून २.३ वर आलेलं आहे. मावशींच्या घरी आज गॅस आहे आणि रेशनचं धान्य फुकट मिळतं. पण त्यांचा वाटा वाढला का, याचं उत्तर वाण्याच्या वहीत सापडणार नाही.

पहिल्या नंबराचीही झाकली मूठ आहेच. पूर्वेकडे कोशित्सेला रोमा (पूर्वी ज्यांना जिप्सी म्हणत त्या) लोकांची लुनिक नऊ नावाची वस्ती आहे; २०२१ मध्ये तेव्हाचे पोप फ्रान्सिस तिथे जाऊन आले. नेहमीच्या पाहणीत अशा वस्त्या नीट सापडत नाहीत, म्हणून इथल्या सरकारला त्यांची वेगळी पाहणी करावी लागली. इथे निसटतात ते तळातले. आपल्याकडे वरचेही निसटतात, कारण गेटवरचा वॉचमन पाहणीवाल्याला आत सोडत नाही. मी तर कुठल्याच वहीत नाही. रावेतच्या माझ्या फ्लॅटचं भाडं येतं, पण भारतातल्या पाहणीला मी सापडणार कसा?

भारत सरकारने २०२६ पासून घरोघरी उत्पन्नाचीच पाहणी करायचं जाहीर केलं. साठच्या दशकात असे प्रयोग झाले होते, पण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेहूनही कमी भरलं, म्हणून ते सोडून दिले. मी हे मामांना लिहिलं आणि विचारलं, तुमच्या दारात पाहणीवाला आला तर पेन्शन, भाडं, डिव्हिडंड सगळं सांगाल ना?

दोन निळ्या खुणा दिसल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘मामी सांगेल, ते बाहेर गेलेत म्हणून.’