साठ लिटरांची वृत्ती

पणजीतल्या माझ्या पलंगापासून दिवाडी बेटाचे अंतर फार तर बारा किलोमीटर भरेल. एवढ्याशा वाटचालीला स्लीपिंग बॅग, घडीचा स्टोव्ह आणि कपाळावर बांधायचा दिवा कशासाठी, असे पुण्याहून आलेल्या भाच्याला विचारले, तेव्हा तो अतिशय कनवाळूपणे म्हणाला, "मामा, बॅकपॅकिंग अंतरावर नसतं, वृत्तीवर असतं." त्याची वृत्ती साठ लिटरांची होती. माझ्यासाठीही त्याने एका मित्राकडून तेवढीच वृत्ती उसनी आणली होती, आणि तिच्या तळाशी माझ्या बहिणीने भाकरवडी व तिखटमिठाच्या पुऱ्या भरून पाठवल्यामुळे मला नाही म्हणायला तोंड उरले नाही.

सॅक पाठीवर चढवणे हा एक स्वतंत्र विधी आहे. ती आधी गुडघ्यावर तोलायची, एका पट्ट्यात हात घालून स्वतःभोवती गिरकी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने हवेत चाचपडत दुसरा पट्टा शोधायचा. कमरेचा पट्टा कमरेवरच आवळला पाहिजे, असे भाच्याचे म्हणणे होते. पण पन्नाशीनंतर कंबर नेमकी कोठे असते, याबाबत आमचे एकमत होईना.

हा सगळा जामानिमा करून जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीपाशी पोहोचलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सॅकचा माथा माझ्या डोक्याच्या बरोबर मागे येत असल्यामुळे मान मागे झुकवणे अशक्य झाले होते. ही कमान वास्को द गामाच्या पणतवाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली आणि १९५४ साली ती पुन्हा बांधण्यात आली. तिच्यावर नदीकडे तोंड करून गामासाहेब उभे आहेत. मला मात्र त्यांच्या खालचे जांभ्याचे चिरे तेवढे दिसले. दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेल्या बाईचा पुतळा असून तिच्या पायाखाली एक एतद्देशीय गृहस्थ आडवा पडलेला आहे. त्याच्याविषयी मला एरवी ऐतिहासिक सहानुभूती वाटते. त्या दिवशी ती बरीच शारीरिक होती.

दिवाडीला पूल नाही. मांडवी ओलांडायला फेरीबोट आहे आणि पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. पाठीवरच्या मजकुराचे भाडे आकारायची पद्धत असती, तर मी तो आनंदाने किनाऱ्यावरच सोडला असता. सॅक घेतलेला माणूस वळतो तेव्हा त्याच्या मागे आणखी हातभर माणूस वळत असतो, याचा अनुभव बोटीवरच्या दोन स्कूटरच्या आरशांना आणि मासळीची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईंना आला. "पुता, हें वजें सकयल दवर मरे," असे त्या समजुतीने म्हणाल्या. मी भाच्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. वृत्ती खाली ठेवायची नसते.

धक्क्यापासून पियेदाद गावापर्यंतचा रस्ता खाजन शेतीतून जातो आणि त्यावर सावली म्हणून नाही. गावकऱ्यांनी बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्याकडून मिळवलेली ही जमीन आहे. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या झडपेची, दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात, त्यामुळे खारे पाणी भातात शिरत नाही. अशी काही सोय माझ्या सदऱ्याला नव्हती. ऑक्टोबरच्या उन्हात पट्ट्यांखालून निघालेले खारे पाणी थेट कमरेच्या वादग्रस्त पट्ट्यापर्यंत पोहोचले होते आणि शेजारून बेटाचे रहिवासी स्कूटरच्या हुकाला पावाची पिशवी अडकवून गार वाऱ्यात चालले होते.

टेकडीवरचे पियेदादचे चर्च फार देखणे आहे, असे भाच्याच्या फोटोंत मी नंतर पाहिले. खरी गंमत पुढे, दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये होती. तो गोव्याच्या कदंब राजांच्या काळातल्या देवळाचा उरलेला भाग असून त्याचे कोरीव छत पाहण्यासाठी जाणकार मुद्दाम वाट वाकडी करून येतात. छत! मी गुडघे वाकवून पाहिले, मागे रेलून पाहिले, शेवटी भिंतीला सॅक टेकवून खाली सरकत गेलो, तेव्हा फरशीवर पाय पसरून बसलेल्या अवस्थेत मला एका कोपऱ्याचे दर्शन झाले. तेथून उठण्यासाठी मात्र दोघांचे साहाय्य लागले. भाच्याच्या यादीत पुढे शेजारच्या चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्यही होते. पण पक्षीसुद्धा वरच असतात, एवढे सांगून मी तो विषय मिटवला.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे आहे. कदंब राजांचे दैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ येथेच होते. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात पाडले, लिंग नदीपार डिचोली महालात गेले आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. देवालासुद्धा हे बेट सोडावे लागले, या विचाराने तिथवरच्या चालीत मला बराच धीर आला. कोकण रेल्वेही दिवाडीवरून जाते, पण थांबत नाही. आमच्या समोरून एक गाडी निघून गेली, तेव्हा खिडकीतल्या मुलाने आम्हाला हात केला; परत हात करायला माझा खांदा वर जाईना.

पलीकडे जाणाऱ्या बोटीची वाट पाहत अखेर सॅक उघडली. पुऱ्या तळाशी असल्यामुळे बाकी सारा संसार धक्क्यावर मांडावा लागला. तो पाहून लुंगीतले एक वयस्कर गृहस्थ जवळ आले, त्यांनी स्लीपिंग बॅग चिमटीत धरून कापड तपासले आणि विचारले, "कितल्याक?" भाचा दचकून म्हणाला की आम्ही फेरीवाले नाही, प्रवासी आहोत. गृहस्थांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले आणि मला दोनशे रुपये सांगितले. भाचा "मामा, ती मित्राची आहे" असे कळवळून सांगत होता, तरी बोट धक्क्याला लागेपर्यंत मी त्यांना अडीचशेवर आणले होते, आणि त्याच किमतीत स्टोव्हही घेऊन जा, असा माझा आग्रह चालू होता.