पडद्याचे रंग कुणी सांगेल का?
टिळक रोडवरच्या दुकानांत लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग आणि कलर ग्रेडिंग, म्हणजे रंग जुळवणं, यासाठी लॅपटॉप विचारा, उत्तर ठरलेलं: "१६ जीबी रॅम आहे, गेमिंगचा घ्या ना साहेब!" अहो, स्क्रीन एसआरजीबीचे, म्हणजे पडद्यांसाठी ठरलेल्या प्रमाणित रंगसंचाचे, किती टक्के रंग दाखवते ते सांगा! माहितीपत्रकात कोपऱ्यात '४५% एनटीएससी' (टीव्हीच्या जमान्यातलं जुनं रंगमाप) असतं, म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम ६० ते ६५ टक्के. त्यावर नवरीच्या शालूचा लाल मी कसा जुळवायचा? शालू विटकरी दिसला की बोलणी मलाच बसतात. आणि लिनक्स म्हटलं की "ड्रायव्हर सॉफ्टवेअरचं तुमचं तुम्ही बघा", हात वर! दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग-ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ हा नेहमीचा व्हिडिओ प्रकार उघडत नाही, हेही कुणी सांगत नाही. निदान पॅनेलचा, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याचा, मॉडेल नंबर तरी द्या, पुढचं मी शोधतो.