‘बायका फक्त शोपीस’ वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमचा पोलीस भरतीच्या तयारीचा जुना ग्रुप आहे. पहाटे साडेचारला एकत्र ग्राउंड मारणारी पोरं, आता कोण पोलिसात, कोण एसटीत, कोण शेती बघतंय आणि मी मेडिकल दुकानात. त्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला, ‘पोलीस आणि मिलिटरीतल्या बायका : कडू सत्य’. म्हणणं थोडक्यात असं की पोरींना ग्राउंडला सूट असते, त्या कोट्यातून येऊन पोरांच्या जागा खातात, लागल्या की टेबलावर बसतात नाहीतर बाळंतपणाच्या रजेवर जातात, जवान बाईचा हुकूम मानत नाही, अमेरिकेने म्हणे सिद्धच केलंय की बायका लढाईत कमी पडतात, आणि यूएनच्या मिशनवर बायका पाठवायच्या त्या फोटोपुरत्या. शेवटी ‘खरे मर्द असाल तर पुढे पाठवा’.

मी दोनदा भरती दिली, दोन्ही वेळा ग्राउंड निघालं आणि लेखीत गेलो. माझी धाकटी बहीण पहिल्याच फटक्यात पोलिसात लागली. म्हणजे या फॉरवर्डच्या हिशोबाने सगळ्यात जास्त जळायला पाहिजे ते मी, म्हणून मीच उत्तर देतो.

सूट आहे, नाही म्हणत नाही. आपल्याकडे शिपाई भरतीला पोरांना १६०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा, पोरींना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, १०० मीटर दोघांना, मार्क दोघांना ५०. पण त्यानंतरचा १०० मार्कांचा लेखी पेपर सगळ्यांना सारखाच असतो, आणि महिलांच्या राखीव जागांसाठी पोरींची झुंज पोरींशीच असते, तुमच्या गोळ्याशी तिचा गोळा कुणी लावत नाही. बहिणीकडे गोळा घ्यायला पैसे नव्हते तर तिने ओढ्यातला एक गुळगुळीत दगड उचलून आणला, किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला, चार किलो तीनशे भरला. म्हणाली चालतंय, जड असलेला बरा. तीन महिने घरामागे तोच टाकत होती, कोंबड्या पळायच्या. आणि खरं सांगा, ठाण्यात लागल्यावर गोळा कोण टाकतं? भरती झाल्यावर पंधरा वर्षांनी किती हवालदारांनी १६०० मीटर परत पळून दाखवलंय? पट्टा पोटाखाली गेला तरी तिथे कुणी स्टॉपवॉच घेऊन उभं नसतं. मग फिटनेसचा एवढा पुळका फक्त पोरींच्या बाबतीतच का येतो.

जागा खातात म्हणे. महाराष्ट्रात १९९४ च्या महिला धोरणापासून सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे आणि ते समांतर आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच. त्यात पात्र मुलगी मिळाली नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या मुलाला जाते, रिकामी पडत नाही. केंद्राने २०१३ मध्येच राज्यांना पोलिसात महिला ३३ टक्क्यांपर्यंत न्या म्हणून सांगितलं होतं, आणि देशभरात गाडी अजून बारा टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतेय. दहातल्या नऊ जागा पोरांकडे असताना पोरींनी जागा खाल्ल्या हे गणित मला तरी जमत नाही, लेखीत उगाच नाही गेलो मी.

आणि बायका पोलिसात घेतात ते काय उपकार म्हणून घेत नाहीत, कायद्यालाच त्या लागतात. बाईला अटक करताना पुरुष पोलिसाने सहसा हात लावायचा नसतो, सूर्यास्त ते सूर्योदय बाईला सहसा अटकच करायची नसते, अगदीच वेळ आली तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची परवानगी काढून करायची. बाईची झडती बाईनेच घ्यायची, बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. आता ज्या ठाण्यात मोजून तीन महिला कर्मचारी, त्यातली एक कोर्टात, एक रजेवर, तिथे काय होत असेल? आमच्या बहिणीला ड्युटी संपवून घरी येऊन दोन तास झाले नव्हते, रात्री पावणेदोनला फोन, रेड आहे, आत बायका आहेत, या. आईने डबा परत गरम केला होता तो तसाच राहिला. या बायका कमी आहेत म्हणून आहेत त्यांच्यावर दुप्पट ओझं पडतं. जास्त झाल्यात असं म्हणणाऱ्याने एकदा ती पावणेदोनची रिंग ऐकावी.

टेबलावर बसतात हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि त्यातच खरी गंमत आहे. कॉम्प्युटरला, वायरलेसला, आवक-जावकला मुली जास्त दिसतात, पण ड्युटी लावतं कोण? शिपाई स्वतःची ड्युटी स्वतः लावत नाही रे बाबांनो. हिने दोनदा पेट्रोलिंग मागितलं तर साहेब म्हणाले ‘तुला कशाला त्रास’, आणि वर्षाअखेरीस तेच म्हणाले ‘या पोरी फिल्डवर जात नाहीत’. बंदोबस्ताला मात्र सगळ्या लागतात. विसर्जनाला हिची चौकात सोळा तास ड्युटी होती, बाप्पा पुढे सरकता सरकत नव्हता, आणि अख्ख्या रस्त्याला बायकांसाठी एक संडास नव्हता. सकाळपासून पाणी प्यायचं नाही म्हणजे प्रश्नच नको, ही यांची ट्रेनिंग. शेवटी एका चाळीतल्या आजींनी दार उघडलं आणि एकामागून एक सहा जणी आत जाऊन आल्या. तिथे एखादीला चक्कर आली की शेरा काय, तर बायका नाजूक. संडास नाही ही चूक कुणाची आणि खात्यावर मांडली कुणाच्या! मला विचाराल तर फॉरवर्डमधले निम्मे मुद्दे असेच आहेत, सोय केली नाही म्हणून जे बिघडलं ते बायकांच्या अंगाचा दोष म्हणून सांगायचं.

रजेचं गणित तर साधं आहे. १८० दिवसांची रजा, दोन मुलं धरली तर ३६० दिवस. बाविसाव्या वर्षी लागलेली शिपाई अठ्ठावन्नला रिटायर होते, म्हणजे छत्तीस वर्षं. छत्तिसात एक. एका गोष्टीवर मात्र पोरांचा राग मला पटतो. महिला अंमलदारांना बाराऐवजी आठ तासांची ड्युटी, हा प्रयोग २०२१ मध्ये नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीणला सुरू झाला आणि मग राज्यभर आदेश निघाला. पुरुषांना का नाही? बरोबर प्रश्न आहे, पण मग मागणी अशी करा ना की आम्हालाही आठ तास द्या, तिचे परत बारा करा ही कसली मागणी.

जवान बाईचा हुकूम मानत नाही, हा मुद्दा फॉरवर्डवाल्याने स्वतः काढलेला नाही, चक्क केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात मांडला होता, की जवान बहुतेक खेड्यातले असतात, त्यांची मानसिक तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला कोर्टाने तो फेटाळला आणि लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना परमनंट कमिशन (म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी) आणि कमांडचा रस्ता मोकळा केला. मला तर खेड्यातला म्हणून त्या युक्तिवादाचाच राग आला, आमच्या नावावर काय काय खपवतात. २०१६ ला आपल्या पुण्यातच औंधला ‘फोर्स १८’ नावाचा अठरा देशांचा सराव झाला, त्यात भारताच्या तुकडीचं नेतृत्व सोफिया कुरेशी करत होत्या, त्याच ज्या मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला टीव्हीवर आल्या. तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी डीपी बदलले होते बरं का, आजच्या फॉरवर्डवाल्यानेसुद्धा. त्याच महिन्यात खडकवासल्याला एनडीएतून, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतून, पहिल्या १७ मुली पास होऊन बाहेर पडल्या.

अमेरिकेचा अभ्यास खोटा नाही. तिथल्या सैन्यदलाचा भाग असलेल्या मरीन कोअरने २०१५ मध्ये केला होता, १३४ पैकी ९३ कामांत फक्त पुरुषांच्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. फॉरवर्ड इथेच थांबतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी सगळ्या लढाऊ जागा बायकांना खुल्या केल्या, कारण प्रश्न सरासरीचा नाही, त्या कामाची कसोटी समोरची बाई पास करते का एवढाच आहे. सरासरीच काढायची तर आपल्या ग्रुपमधली निम्मी पोरं पहिल्या राउंडलाच बाहेर. आणि आपल्याकडे पायदळ आणि रणगाडे अजून बायकांना खुलेच नाहीत, मग तिथे त्या कमी पडल्या हे कळलं कधी?

‘बाई गोळीसमोर उभी राहील का’ असंही त्यात एक वाक्य आहे. १३ डिसेंबर २००१, संसदेचं गेट. सीआरपीएफच्या ८८ महिला बटालियनच्या कॉन्स्टेबल कमलेश कुमारी, हातात फक्त वॉकीटॉकी, कारण त्या ड्युटीवर महिलांना शस्त्रच दिलेलं नव्हतं. गाडीतल्या माणसांचा संशय आला तशी ती ओरडली, सगळ्यांना सावध केलं आणि अतिरेक्यांनी तिला गोळ्या घातल्या. मरणोत्तर अशोकचक्र. उभी राहिली ती, बंदूक द्यायला आपण विसरलो.

राहिलं यूएन. जानेवारी २००७ मध्ये भारताने आफ्रिकेतल्या लायबेरियाला शंभरावर बायकांचं पोलीस पथक पाठवलं, यूएनच्या इतिहासातलं पहिलं संपूर्ण महिलांचं. तिथे यादवी नुकती संपलेली. राजधानी मन्रोव्हियात रात्रीची गस्त, दंगलीचा बंदोबस्त, राष्ट्राध्यक्षा एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या कार्यालयाबाहेर चोवीस तास पहारा. तुकड्या बदलत राहिल्या पण काम २०१६ पर्यंत चाललं, नऊ वर्षं, फोटो काढायला एवढा वेळ लागत नाही. त्यांना बघून तिथल्या पोरी पोलीस भरतीला पुढे आल्या हे स्वतः सरलीफबाईंनी सांगितलंय.

हे सगळं टाइप करून आधी बहिणीला पाठवलं, काही चुकलं असेल तर सांग म्हणून. रात्री अडीचला तिचा रिप्लाय आला : ‘दादा, दगड चार किलो पाचशे होता. बाकी टाक ग्रुपवर. मी झोपते, सकाळी हजेरी आहे.’