आग लागल्यास प्रथम परवानगी घ्यावी

परवा मुलाच्या शाळेत मीटरच्या खोलीतून धूर निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पोरांना बाकांवर बसवून ठेवलं, कारण मुख्याध्यापक मीटिंगमध्ये होते आणि वर्ग रिकामा करायला त्यांची परवानगी लागते. धूर आपोआप विरला. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर ‘परिस्थिती उत्तम हाताळल्याबद्दल’ अंगठ्यांचा पाऊस पडला. म्हटलं, हे कौशल्य बाकीच्या शाळांनाही कळायला हवं. तर मुख्याध्यापकहो, लिहून घ्या.

आपत्ती व्यवस्थापन समितीत बदली होऊन गेलेल्या सरांचं नाव तसंच राहू द्या. अनुभवी माणूस असलेला बरा.

मागच्या जिन्यात मोडके बाक रचा.

आग विझवायचा लाल सिलिंडर ऑफिसात, कपाटाच्या मागे. पिन ओढायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, हे शिक्षकांना हातात देऊन शिकवू नका. पावडर सांडते, झाडायची कोणी? लहान सिलिंडर दहा-वीस सेकंदांत रिकामा होतो, तेवढ्यात त्यावरच्या बारीक अक्षरातल्या सूचना वाचून होतील की.

मॉक ड्रिल तारीख-वेळ कळवूनच घ्या. पाहुणे, फोटो, अहवाल, सगळं वेळेत होतं. पायाला प्लास्टर असलेल्या मुलीला त्या दिवशी वर्गातच बसवा, रांग बिघडते.

आणि मुख्य म्हणजे, निर्णय कुणी घ्यायचा हे ठरवून ठेवू नका. मार्च 2011 मध्ये जपानच्या ओकावा शाळेत भूकंपानंतर मुलं जवळपास 50 मिनिटं मैदानात उभी होती. शाळेमागे टेकडी. न्यायचं कुठे, यावर मोठ्यांचं एकमत होईना. शेवटी निघाले ते नदीवरच्या पुलाच्या दिशेने, आणि त्सुनामी आली. 74 मुलं, 10 शिक्षक-कर्मचारी गेले. भूकंपाच्या कवायती करत मोठा होणारा देश तो! पुढे कोर्टानेही म्हटलं, आधीची तयारीच अपुरी होती. आपल्याकडे 2004 मध्ये कुंभकोणमला स्वयंपाकघरातली आग शाळेच्या गवती छपराला लागली, 94 मुलं गेली. त्यानंतर काय झालं? फायली झाल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी ‘निर्गमन मार्ग’ लिहिलेला कागद चिकटतो, तोही कुलूप लावलेल्या दारावर!

बाईंना कशाला बोल लावायचा? त्यांना प्रशिक्षण म्हणून मिळालं काय, तर एक पीपीटी आणि प्रमाणपत्राची लिंक. चाळीस पोरं समोर, धूर नाकात, आणि डोक्यात एकच: विनापरवानगी वर्ग सोडला तर मेमो येईल. ही भीती तुम्ही घातलीय त्यांच्या मनात, सर. पोरांच्या सहलीला पालकांची सही मागता, गॅदरिंगला संमतिपत्र मागता. ‘धोका दिसला तर हजेरीपट उचला आणि वर्ग खाली न्या, कुणाला विचारत बसू नका’, एवढं एक वाक्य सहीशिक्क्यानिशी शिक्षकांना द्यायला तुमचा हात का थरथरतो?