एनक्रिप्ट केलेल्या चावीलाही हात लावता येतो, मामा

माझे मामा गोव्यात डिचोलीत राहतात आणि साबांखाची (सार्वजनिक बांधकाम खात्याची) लहान कामे घेतात. गटारे, संरक्षक भिंती, शाळांची दुरुस्ती. ई-निविदा भरायला डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचे सर्टिफिकेट, लागतेच, म्हणून त्यांच्या खणात एक यूएसबी टोकन असते. सही करणारी गुप्त "खासगी चावी" त्यातच असते. परवा कंत्राटदारांच्या ग्रुपवरचा एक लांबलचक मेसेज त्यांनी मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला, "ऑफिसातल्या मुलाला सांगून चावी काढून घेऊ काय रे?" तोच मेसेज फोंड्याच्या एका ओळखीच्या लेखापालाकडूनही आला, तेव्हा लिहायला बसलो.

मेसेजचे म्हणणे असे: टोकन हा विकणाऱ्यांचा धंदा आहे, तो साधा पेनड्राइव्हच. त्यातली चावी फाईल म्हणून काढा, पासवर्ड घाला आणि ड्राइव्हवर, ग्रुपवर कुठेही ठेवा, कारण एनक्रिप्ट केलेली फाईल कोणी बदलू शकत नाही. संशय आला तर पासवर्ड बदला, जुन्या प्रती बाद होतात. टोकन आणि पिन ऑफिसात देऊन ठेवा, गैरवापर झाला तर जबाबदार तो करणारा.

सर्वांत घातक वाक्य आहे "कोणी बदलू शकत नाही", आणि तेच सगळ्यांना पटते. एनक्रिप्शन मजकूर लपवते. मजकुराशी छेडछाड झाली का, हे ओळखायला त्यावर वेगळा शिक्का लागतो. देवळातल्या फंडपेटीला कुलूप असते, आतले कोणाला दिसत नाही, तरी वरच्या फटीतून कोणीही काहीही आत टाकू शकतो. शिक्का नसलेल्या एनक्रिप्टेड फाईलचे असेच आहे. आतले न वाचताही तिच्यातला तुकडा बदलता येतो आणि उघडणाऱ्याला ते कळतही नाही.

"पण वाचता येत नाही तर बदलून कोणाला काय मिळणार?" हा मामांचा प्रश्न रास्त होता. उत्तर आहे, चावीच मिळते. मेगा ही फाईल साठवण्याची मोठी सेवा आहे. ती प्रत्येक वापरकर्त्याची खासगी चावी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची, अर्थात एनक्रिप्ट करून. आम्हालाही ती उघडता येत नाही, असा तिचा दावा होता. जून २०२२ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की त्या एनक्रिप्ट केलेल्या चावीवर छेडछाड ओळखणारा शिक्काच नव्हता. सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याने चावीतला एक तुकडा बदलायचा आणि वापरकर्ता लॉगिन करेल तेव्हा त्याच्या ब्राउझरकडून येणारे उत्तर पाहायचे. बिघडलेल्या चावीने दिलेल्या प्रत्येक उत्तरातून मूळ चावीबद्दल थोडे थोडे कळत जाते. ५१२ लॉगिनमध्ये पूर्ण चावी हाती! पुढे दुसऱ्या संशोधकांनी हा आकडा ६ वर आणला. पासवर्ड कोणी फोडला नाही, एनक्रिप्शनही फोडले नाही. कंपनीला दुरुस्ती करावी लागली. आणि इथे लोक ग्रुपवर चावी टाकायला सांगतात!

एक गोष्ट मान्य करावी लागेल. डीएससीची जी पीएफएक्स फाईल (सर्टिफिकेट आणि चावी असलेली, पासवर्ड घातलेली फाईल) पूर्वी सर्रास मिळायची, तिच्यात असा शिक्का सहसा असतो, त्यामुळे तिच्यातला बदल पकडला जातो. पण ते श्रेय शिक्क्याचे, एनक्रिप्शनचे नव्हे. शिवाय फाईलची प्रत ज्याच्या हाती पडली तो घरी बसून लाखो पासवर्ड लावून पाहू शकतो, त्याला अडवणारे कोणी नाही. टोकन ठरावीक वेळा पिन चुकला की बंद पडते. मेसेजमध्ये टोकनाला धंदा म्हटले आहे, पण हे बंद पडणेच तर आपले संरक्षण आहे.

टोकन पेनड्राइव्ह नाही. खासगी चावी त्यातल्या चिपमध्येच तयार होते, सहीसुद्धा आतच होते आणि चावी बाहेर देण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नसते. ऑफिसातला मुलगा जी फाईल काढून देईल तिच्यात फक्त सर्टिफिकेट असेल, जे तसेही उघडच असते. आणि "चावी काढून देतो, टोकन आणि पिन द्या" असे कोणी सांगत असेल तर त्याला तुमच्या नावाने सही करायला आणखी काही लागत नाही.

जबाबदारीच्या मुद्द्याने मला खरा राग आला, कारण त्यावर विसंबून माणसे अडकतील. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४२ वाचा. खासगी चावी आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे हे सर्टिफिकेटधारकाचे कर्तव्य आहे. चावी दुसऱ्याच्या हाती गेली तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे, आणि कळवेपर्यंत धारक जबाबदार राहील, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. म्हणजे पिन मुलाला दिला, त्याने भलत्या दराने निविदा भरली, तर आधी उत्तर मामांना द्यावे लागेल.

पासवर्ड बदलल्याने जुन्या प्रती बाद होत नाहीत. आतली चावी तीच असते आणि जुनी प्रत जुन्या पासवर्डने खुशाल उघडते.

टोकन हरवते, बिघडते, ऐन निविदेच्या शेवटच्या दिवशी चालत नाही, ही तक्रार खरी आहे. त्याची चावी दुसरीकडे नसते, म्हणून नवे सर्टिफिकेट घ्यावे लागते आणि खर्च होतो. त्यावर उपाय म्हणजे मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी नूतनीकरण करणे आणि निविदा शेवटच्या तासावर न ठेवणे. ज्यांनी मेसेज वाचून पीएफएक्स फाईल कुठे पाठवली असेल किंवा टोकन आणि पिन दोन्ही दुसऱ्याकडे ठेवले असतील, त्यांनी नुसता पासवर्ड किंवा पिन बदलून थांबू नये. आजच संस्थेला कळवून ते सर्टिफिकेट रद्द करून घ्यावे.