‘वठलेली झाडं काढा, जंगल वाचवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: वठलेली, पोकळ झाडं म्हणजे जंगलातला कचरा. सुतार पक्षी झाडं पोखरून मारतो. अशा झाडांमुळे कीड पसरते. ती तोडा, प्रत्येकामागे पाच रोपं लावा. पक्षी दुसऱ्या झाडावर जातील, नाहीतर लाकडी पेट्या बसवू. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण राधानगरी-दाजीपूरपासून आजरा-चंदगडपर्यंतच्या रानांचं या सल्ल्यानं नुकसानच होईल.

आधी सुतार. तो बहुधा अशाच ठिकाणी चोच मारतो, जिथं बुरशीनं लाकूड आधीच मऊ झालेलं असतं किंवा आत अळ्या लागलेल्या असतात. म्हणजे झाड आजारी पडल्यावर तो येतो, तो आल्यामुळे आजारी पडत नाही. शिवाय झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो, मधला गाभा निर्जीवच. म्हणून पोटात पोकळ झालेलं झाडसुद्धा कित्येक दशकं पालवत राहतं. आणि आपल्याकडचा तांबूस सुतार घरट्यासाठी लाकूड कोरतच नाही, मुंग्यांनी झाडावर बांधलेल्या घरात शिरून अंडी घालतो. त्याला कुठल्या कलमाखाली पकडणार?

‘पक्षी दुसऱ्या झाडावर जातील.’ सगळा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे आणि तेच सगळ्यांत पोकळ आहे. सुतार आणि तांबट स्वतःची ढोली कोरतात. पोपट, पिंगळा, मैना, शिलींध्री, धनेश यांना तयार ढोलीच लागते. त्यातही धनेशाचं गणित अवघड. सह्याद्रीबाहेर कुठंही न सापडणारा मलबारी राखी धनेश आपल्या घाटात आहे, खाली तिलारी-दोडामार्ग पट्ट्यात महाधनेश आहे. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा गर लिंपून तोंड बंद करते. राहते ती एक फट. नर तिथून तिला आणि पुढं पिल्लांना भरवतो. आत असताना ती पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं झाडते, त्यामुळे त्या काळात तिला उडताच येत नाही. ही वीण साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालते. तोडीचा हंगामही नेमका तोच. करवत लागली तेव्हा मादी आत असेल तर ती दुसऱ्या झाडावर जाणार कशी? बरं, ढोली चांगली असेल तर धनेश वर्षानुवर्षं तिथंच परततात. एका झाडासोबत पुढचे कितीतरी हंगाम जातात.

इथं आपल्या बाजूच्या मंडळींनाही टोकायला हवं. ‘सुतार वाचवा, तोच सगळ्यांची घरं बांधतो’ हे कॅनडाच्या जंगलात बरंचसं खरं आहे. अर्जेंटिनाच्या अटलांटिक जंगलात अभ्यास झाला तेव्हा मात्र दिसलं की इतर पक्षी वापरत असलेल्या बहुतेक ढोली सुतारानं कोरलेल्या नव्हत्या; फांदी मोडून, बुरशी लागून, लाकूड कुजून झालेल्या होत्या. आणि मोठी झाडं निवडून तोडलेल्या जंगलात वापरण्याजोग्या ढोली अस्पर्श जंगलापेक्षा कितीतरी कमी होत्या. महाधनेश मावेल एवढी ढोली तर सुतार कोरूच शकत नाही. तेव्हा वठलेल्या खोडाइतकंच महत्त्व जुन्या, जाड, पोटात कुजू लागलेल्या जिवंत झाडाला आहे. वखारीच्या दृष्टीनं ते ‘खराब’, म्हणून जळणात पहिलं जातं.

पाच रोपांबद्दल फार लिहायची गरज नाही. आज लावलेल्या जांभळात धनेशाची ढोली व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातील.

पेट्यांचं थोडं वेगळं. त्यांचा उपयोग होतो. थायलंडमध्ये धनेशांसाठी कृत्रिम ढोली बसवल्या, बिघडलेल्या नैसर्गिक ढोलीही दुरुस्त केल्या. पण पातळ फळीची पेटी उन्हात तापते, जाड खोडातली हवा तेवढी तापत नाही. पेटी सडते, बदलावी लागते, तिच्यावर माणूस ठेवावा लागतो. जुनं झाड उभं आहे तिथं ते तोडून पेटी लावणं म्हणजे राहता वाडा पाडून तंबू देणं.

किडीची भीती हवेतून आलेली नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशात साल नावाच्या वृक्षाच्या वनांत भुंगेऱ्यानं हाहाकार केला होता आणि लागण झालेली झाडं तोडावी लागली होती. पण तो किडा साल वृक्षाचा आणि ते जंगल बहुतांशी एकाच झाडाचं. आपल्या घाटात साल वृक्ष नाही, जंगल मिश्र आहे. शिवाय असले भुंगेरे आजारी किंवा नुकतंच पडलेलं झाड शोधतात. वर्षानुवर्षं वाळलेल्या, साल गळून गेलेल्या खोडात त्यांना काही मिळत नाही.

‘सरकारही अशी झाडं काढतंच’ अशी पुस्ती हल्ली जोडलेली असते. अभयारण्यापुरतं तरी हे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, मरणपंथाला लागलेली, वाऱ्यानं पडलेली झाडं हलवायला मनाई केली. राधानगरीच्या हद्दीत त्यामुळे वादच नको. खरा प्रश्न हद्दीबाहेरच्या मालकी रानांचा आहे.

तिथं मालकाला फुकट उपदेश करून भागत नाही, हे मान्य. रत्नागिरी जिल्ह्यात एक वाट निघाली आहे: बेहड्याची जुनी झाडं न तोडता फळं गोळा करून औषधी कंपन्यांना विकायची. त्याच झाडांवर धनेशांची घरटी आहेत. रस्त्यावर किंवा घरावर झुकलेलं कुजकं झाड मात्र खुशाल काढा. जमेल तिथं धोक्याच्या फांद्या उतरवून बुंधा ठेवा.

आणि तोड ठरलीच असेल तर खूण मारण्याआधी झाडाखाली जाऊन बघा. ढोलीच्या तोंडाला लिंपण, खोडावर विष्ठेचे ओघळ, खाली वेगवेगळ्या फळांच्या बियांचा सडा, यातलं काही दिसलं तर निदान जूनपर्यंत त्या झाडाला हात लावू नका, आणि त्यानंतरही ते तोडीच्या यादीतून वगळा.